जुन्या डेस्कटॉपला डीव्हीडी रायटर बसवताना: आधी मशीन तयार करा, मग स्क्रू आवळा

डीव्हीडी रायटर बसवणं म्हणजे चार स्क्रू आणि दोन केबल. सवय असेल तर पंधरा मिनिटांचं काम. पण जुन्या मशीनवर डिस्क वाया जातात त्या या पंधरा मिनिटांतल्या चुकीमुळे क्वचितच. त्या वाया जातात मशीनला रायटरची भूक भागवता येत नाही म्हणून.

हिशोब साधा आहे. डीव्हीडीचा १एक्स वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी. १६एक्सवर लिहिताना सेकंदाला २२ एमबी लागतात, ८एक्सवर ११ एमबी. रायटरच्या आत स्वतःचा बफर (डेटा तात्पुरता साठवायची जागा) असतो तो बहुतेक २ एमबीचा. म्हणजे १६एक्सवर हार्ड डिस्ककडून येणारा डेटा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा जरी अडखळला तरी बफर रिकामा. आजच्या रायटरमध्ये बफर रिकामा झाला तर लेसर थांबवून पुन्हा त्याच जागेवरून सुरू करण्याची सोय असते, त्यामुळे डिस्क लगेच बाद होत नाही. पण असे चाळीस-पन्नास जोड असलेली डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर अडकते, आणि मग दोष रायटरला दिला जातो.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी बोर्ड, वीज, केबल, हार्ड डिस्क बघा. रायटर शेवटी विकत घ्या.

बोर्डावर काय आहे ते बघितल्याशिवाय दुकानात जाऊ नका

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या स्टुडिओत, सोसायट्यांत आणि घरांत अजून चालणारे जुने डेस्कटॉप साधारण चार पिढ्यांतले असतात. ड्राइव्ह बोर्डाला जोडायची जुनी पद्धत आयडीई, नवी साटा. इंटेलचा ८४५ चिपसेट असेल तर दोन आयडीई पोर्ट, साटा नाही. ८६५ असेल तर दोन आयडीई आणि बहुतेक दोन साटा. ९४५ किंवा जी३१ असेल तर साधारण एक आयडीई आणि चार साटा. त्यापुढे इंटेलने २००६ मध्ये आयसीएच८ या चिपपासून आयडीई चिपसेटमधूनच काढून टाकलं. त्या बोर्डांवर आयडीई पोर्ट दिसला तर तो जेमायक्रॉनसारख्या वेगळ्या चिपवर चालतो. एच६१ आणि नंतरच्या बोर्डांवर फक्त साटा असं धरून चला.

कॅबिनेटची डावी बाजू उघडून टॉर्चच्या उजेडात बघा. आयडीई म्हणजे ४० पिनांचा लांब पोर्ट, दोन ओळींचा, मधली एक पिन नसलेला. साटा म्हणजे बोटाच्या नखाएवढा, आत एल आकाराची जीभ असलेला. साटा पोर्ट एकही मोकळा असेल तर साटा रायटरच घ्या. नवा आयडीई रायटर आता मिळत नाही, जुना मिळतो त्याचा लेसर किती वापरलेला आहे हे कळायला मार्ग नाही.

फक्त आयडीई असलेल्या बोर्डावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे साटा रायटरच्या पाठीला लावायचा छोटा आयडीई कन्व्हर्टर. त्याला वेगळी वीज द्यावी लागते, बहुतेक फ्लॉपीच्या छोट्या चार-पिनी प्लगने; तो प्लग तुमच्या एसएमपीएसला (मशीनला वीज देणाऱ्या डब्याला) आहे का बघा. दुसरी वाट पीसीआय स्लॉटमधलं साटा कार्ड. कार्ड चालतं, वेगही पुरतो, पण त्यावरच्या रायटरवरून मशीन बूट होईलच असं धरू नका. विंडोजची सीडी टाकून मशीन फॉरमॅट करायचं असेल तर कन्व्हर्टर बरा.

यूएसबीचा बाहेरचा रायटर हा सोपा मार्ग वाटतो, आणि यूएसबी २.० असेल तर तो खरंच सोपा आहे. पण बोर्डावर यूएसबी १.१ असेल तर त्याचा वेग सेकंदाला जेमतेम १ एमबी. तो १एक्सलाही पुरत नाही. शिवाय समोरच्या यूएसबी पोर्टची आतली वायर लांब आणि बारीक असते. लिहिण्याच्या ऐन क्षणी रायटर जास्त करंट ओढतो आणि मशीनमधून गायब होतो. बाहेरचा रायटर मागच्या पोर्टला लावा, दोन प्लगची वाय केबल आली असेल तर दोन्ही प्लग लावा.

वीज

डीव्हीडी रायटर लिहिताना ५ आणि १२ व्होल्ट मिळून वीस-पंचवीस वॅट घेतो. आकडा मोठा नाही, पण बारा-पंधरा वर्षं चाललेला स्वस्त एसएमपीएस लेबलवर ४५० वॅट लिहिलेला असला तरी तेवढी वीज देत नाही. साधा मल्टिमीटर घ्या. मशीन चालू ठेवून मोकळ्या चार-पिनी मोलेक्स प्लगमध्ये काळी आणि लाल वायर मोजा: ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत हवं. काळी आणि पिवळी मोजा: ११.४ ते १२.६. मग एखादी मोठी फाइल कॉपी करत ठेवून पुन्हा मोजा. १२ व्होल्टची बाजू ११.४ च्या खाली गेली, तर रायटरच्या आधी एसएमपीएस बदला. रायटरची मोटर १२ व्होल्टवर फिरते. तिचा वेग हलला की ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ किंवा अर्ध्यात लिहिणं थांबणं सुरू होतं.

बोर्डावरचे कपॅसिटर याच वेळी बघून घ्या. वरचा पत्रा फुगलेला असेल किंवा तपकिरी चिकटा बाहेर आला असेल, तर त्या मशीनवर पैसे घालू नका. रायटर काढून दुसऱ्या मशीनला लावता येतो, वाया गेलेल्या डिस्क परत येत नाहीत.

एसएमपीएसला साटाची वीज नसेल तर मोलेक्स-टू-साटा वायर लागते. ही वस्तू किरकोळ वाटते, पण निवडीला महत्त्व आहे. साटा टोकावर वायर प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात तो प्रकार घेऊ नका. आत वायर एकमेकींजवळ सरकून शॉर्ट होतात आणि प्लग जळतो. मागच्या बाजूने वायर एकेक करून दाबून बसवलेल्या दिसतात आणि टोपी काढता येते, तो प्रकार घ्या.

खेडेगावातल्या लाइनवर पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, आणि पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लिहिता लिहिता लाइट गेली की एकदाच लिहिता येणारी डिस्क गेली. ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, पण त्याची बॅटरी खरोखर दहा मिनिटं मशीन आणि मॉनिटर ओढते का हे प्लग काढून एकदा तपासा. रायटरचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्रॅम) बदलायचं असेल तेव्हा तर यूपीएसशिवाय हात लावू नका.

बसवणं

मशीन बंद करा, पाठीमागचा प्लग काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगावरची स्थिर वीज खरंच बोर्ड घालवते.

रायटर सव्वापाच इंची खणात पुढून जातो. समोरची प्लास्टिक पट्टी आतून दोन कुल्पं दाबली की निघते. तिच्यामागे बऱ्याच कॅबिनेटमध्ये पत्र्याची चकती असते, ती पुढे-मागे वाकवून तोडायची; कडा धारदार असतात, फडकं धरा. रायटरची लांबी १७० मिमीच्या आसपास असते. छोट्या कॅबिनेटमध्ये त्याचं मागचं टोक रॅमच्या पट्टीला किंवा एसएमपीएसच्या वायरींच्या जुडग्याला टेकतं, म्हणून आधी टेपने मोजा आणि शक्य असेल तर वरचा खण घ्या. जागा फारच अडचणीची असेल तर केबल रायटरला आधी लावून मग तो आत सरकवा.

स्क्रूकडे लक्ष द्या. रायटरला बारीक आट्यांचे एम३ स्क्रू लागतात, हार्ड डिस्कला जाड आट्यांचे. डब्यात दोन्ही एकत्र पडलेले असतात आणि जाड स्क्रू जोर लावून रायटरमध्ये घुसतोही, पण आटे कायमचे जातात. पाच-सहा मिमीपेक्षा लांब स्क्रू नको. आतल्या सर्किटला टेकतो. चारही स्क्रू आधी सैल लावा, रायटरचं तोंड कॅबिनेटच्या तोंडाशी सपाट करा, ट्रे आत-बाहेर घासत नाही ना बघा, मग आवळा. फक्त एका बाजूला दोन स्क्रू लावून सोडायची सवय इथल्या बऱ्याच असेंबल मशीनमध्ये दिसते. वेगाने फिरणारी डिस्क अशा रायटरला थरथरवते आणि त्याचा परिणाम थेट लिहिण्यावर होतो.

साटा असेल तर डेटाची केबल आणि वीज, झालं. आयडीई असेल तर थोडं जास्त काम. केबल ८० तारांची घ्या; तिचं निळं टोक बोर्डला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. केबलच्या कडेची रंगीत रेघ म्हणजे पहिली पिन, ती रायटरवर वीजेच्या प्लगच्या बाजूला येते. केबलची लांबी ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. रायटरच्या मागच्या जंपरला मास्टर, स्लेव्ह आणि केबल सिलेक्ट अशा तीन जागा असतात. बोर्डावर दोन आयडीई पोर्ट असतील तर हार्ड डिस्क पहिल्या पोर्टवर आणि रायटर दुसऱ्या पोर्टवर मास्टर म्हणून एकटा ठेवा. एका केबलवर दोन्ही ठेवले तर एका वेळी एकच बोलू शकतो: हार्ड डिस्क वाचताना रायटर थांबतो, रायटर लिहिताना हार्ड डिस्क थांबते. जुन्या मशीनवर कॉपी करताना डिस्क वाया जाण्याचं हे मोठं कारण आहे.

रायटरमधून साउंड कार्डला जाणारी बारीक चार-पिनी ऑडिओ वायर जुन्या मशीनमध्ये सापडेल. एक्सपीपासून पुढे तिची गरज नाही, काढून टाका म्हणजे हवा खेळते.

बायोसमध्ये

मशीन सुरू होतानाच डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, जा. रायटरचं नाव यादीत दिसायला हवं. दिसत नसेल तर रायटर ज्या पोर्टवर आहे तो चॅनेल ‘ऑटो’ वर आहे का बघा. आयसीएच८ नंतरच्या बोर्डवर आयडीई रायटर असेल तर त्या वेगळ्या चिपचा कंट्रोलर ‘एनेबल’ आहे का ते हुडका. साटा मोड आयडीईवर असेल आणि विंडोज एक्सपी त्यावरच बसवलेली असेल, तर तो एएचसीआय या साटाच्या नव्या पद्धतीवर बदलू नका. पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि ०x००००००७बी हा आकडा दिसतो. परत आयडीई केलं की मशीन पूर्ववत.

तारीख चुकीची दिसत असेल तर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. ती नाण्याएवढी बॅटरी आत्ताच बदला. नाहीतर २०२४ च्या लग्नाच्या फोटोंच्या डिस्कवर २००२ ची तारीख पडते, आणि शोधताना पुढे माणूस गोंधळतो.

विंडोजमधल्या दोन जुन्या दुखण्यांवर उपाय

पहिलं दुखणं पीआयओ मोडचं. आयडीईवर डेटाच्या वाटेत चुका झाल्या, खराब केबलमुळे किंवा ओरखडलेली डिस्क वाचताना, तर विंडोज एक्सपी सहा चुकांनंतर डीएमए (डेटा थेट मेमरीत नेण्याची वेगवान पद्धत) बंद करून पीआयओ या जुन्या संथ पद्धतीवर येते. आणि तिथेच राहते. केबल बदलली तरी. मग सगळा डेटा प्रोसेसरच्या हातून जातो, माउस अडकतो, आठ-नऊ मिनिटांची डीव्हीडी अर्धा तास घेते. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स’ मध्ये सेकंडरी चॅनेलवर डबल क्लिक करा, ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ बघा. ‘करंट ट्रान्सफर मोड’ मध्ये अल्ट्रा डीएमए मोड २ किंवा त्यावरचा आकडा हवा. पीआयओ दिसलं, तर आधी केबल बदला, मग तोच चॅनेल ‘अनइन्स्टॉल’ करून मशीन रीस्टार्ट करा. विंडोज तो नव्याने शोधते आणि डीएमए परत येतं.

दुसरं दुखणं: बायोसमध्ये रायटर आहे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आहे, कोड १९ किंवा ३९ दिसतो आणि माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्ह नाही. जुनं बर्निंग सॉफ्टवेअर काढल्यावर त्याच्या फिल्टर ड्रायव्हरच्या नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) मागे उरलेल्या असतात. रेजएडिट चालवा. एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास या वाटेने जाऊन ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी की उघडा. उजवीकडे डीव्हीडी/सीडी-रॉम असं वर्णन दिसेल. ती की आधी एक्सपोर्ट करून ठेवा. मग तिच्यातल्या ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोनच नोंदी काढा आणि रीस्टार्ट करा. शेजारच्या दुसऱ्या कुठल्याही कीला हात लावू नका.

एक्सपी मुळात फक्त सीडी लिहिते, डीव्हीडी लिहीत नाही. व्हिस्टापासून ती सोय आली, आणि विंडोज ७ मध्ये आयएसओ (अख्ख्या डिस्कची प्रत असलेल्या एकाच) फाइलवर डबल क्लिक करून थेट लिहिता येतं. एक्सपीवर इमगबर्न हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. लिनक्सवर ब्राझेरो किंवा के३बी.

हार्ड डिस्क आणि फाइलींची नावं

दुकानदार ४.७ जीबी म्हणतो आणि विंडोज ४.३८ जीबी दाखवते. दोन्ही बरोबर, मोजायची पद्धत वेगळी. पण यात एक खड्डा आहे. जुन्या मशीनचं डी ड्राइव्ह बरेचदा फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं, आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. पूर्ण डीव्हीडीची आयएसओ बनवताना ती ४ जीबीला येऊन थांबते आणि ‘डिस्क फुल’ असा चुकीचा निरोप येतो, जागा ४० जीबी मोकळी असली तरी. बॅकअप घेऊन ड्राइव्ह एनटीएफएस करा, किंवा आयएसओ न बनवता फोल्डरवरून थेट लिहा. निदान १० जीबी जागा मोकळी ठेवा आणि लिहिण्याआधी डीफ्रॅग करा.

आपल्या भागात फाइलींना देवनागरीत नाव देण्याची पद्धत आहे, काही कन्नडमध्ये असतात. नुसत्या आयएसओ ९६६० या डिस्कवर फाइली मांडायच्या मूळ पद्धतीवर ही नावं टिकत नाहीत. ‘आयएसओ ९६६० + जोलिएट + यूडीएफ’ असं निवडा. जोलिएटमध्ये नाव ६४ अक्षरांपर्यंत चालतं, पण तिथे मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. ‘बेळगाव’ डोळ्याला चार अक्षरी, जोलिएटला सहा. ‘आजोबांच्या जमिनीचा सातबारा उतारा आणि हिस्सापत्रक यांची स्कॅन केलेली प्रत’ अशी लांब नावं शेवटाला कापली जातात, आणि दोन फाइलींचा फरक शेवटातच असेल तर नावात तो दिसतच नाही. नावाच्या सुरुवातीला क्रमांक द्या.

श्रीलिपी किंवा कन्नडच्या नुडीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले दस्त डिस्कवर घालताना सोबत पीडीएफ प्रत घाला. वीस वर्षांनी तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मूळ फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची जत्रा दिसेल, पीडीएफ मात्र वाचता येईल.

डिस्क आणि वेग

बाजारातल्या डिस्कचा साठा आता जुना आहे. भारतात सर्वांत जास्त ओळखली जाणारी मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली, त्यामुळे त्या नावाची डिस्क मिळाली तर ती वर्षानुवर्षं गोडाऊनमध्ये राहिलेली असू शकते. पन्नासची बरणी घेण्याआधी दोन सुट्या डिस्क घेऊन लिहून बघा. जुन्या डीव्हीडी प्लेअरवर चालवायची असेल तर डीव्हीडी-आर घ्या, +आर नको.

१६एक्स छापलेली डिस्क ८एक्सवर लिहा. फार हळू लिहिलं की जास्त चांगलं हा समज चुकीचा आहे. डिस्कवरचा रंगद्रव्याचा थर ठरावीक वेगासाठी बनवलेला असतो. लिहिताना अँटिव्हायरसचं स्कॅन, स्क्रीनसेव्हर आणि नेटवरचं डाउनलोड बंद ठेवा. ‘व्हेरिफाय’ (लिहिलेलं पडताळणं) चालू ठेवा, ‘फायनलाइज’ (लिहून झाल्यावर डिस्क बंद करणं) करा, आणि शेवटी डिस्क काढून दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर उघडून एक मोठी फाइल कॉपी करून बघा. ज्या रायटरने लिहिलं तो स्वतःचं अक्षर वाचतोच, खरी परीक्षा परक्या ड्राइव्हवर.

सीडीवर बॉलपेनने लिहू नका. सीडीत डेटाचा थर वरच्या, म्हणजे नाव लिहायच्या बाजूला असतो, त्यावर फक्त पातळ लाखेचं आवरण. पेनचं टोक दाबलं की तिथला डेटा गेला. डीव्हीडीत तो थर ०.६ मिमीच्या दोन चकत्यांमध्ये असतो, म्हणून ती वरून थोडी जास्त सोसते. दोन्हींवर पाण्याच्या शाईचा मार्करच बरा, तोही मधल्या पारदर्शक कड्यावर. कागदी लेबल चिकटवू नका; तोल जातो आणि डिंक कालांतराने थर उचलतो.

खानापूर तालुक्यात जूनपासून भिंती ओल्या होतात. भिंतीला टेकलेल्या कपाटात डिस्क ठेवल्या तर कव्हरच्या कागदाला बुरशी लागते, मग डिस्कच्या पृष्ठभागावर जाळीसारखे डाग दिसतात. डबा भिंतीपासून हातभर दूर, डिस्क उभ्या, आत सिलिका जेलची पुडी. डाग दिसलाच तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून पुसू नका. गोल ओरखडा एकाच ट्रॅकवर लांबवर पसरतो आणि रायटरची चूक दुरुस्त करण्याची ताकद तिथे संपते.

निपाणीच्या तंबाखू वखारींच्या आसपास आणि लाल मातीच्या रस्त्याकडेच्या दुकानांत लेन्सवर धूळ लवकर बसते. वाचणं चालू पण लिहिणं फसतं, हे धुळीचं पहिलं लक्षण. हातपंपाच्या ब्लोअरने ट्रे उघडून हवा मारा. कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाण्याचे थेंब असतात. ट्रे अर्ध्यात अडकत असेल तर समोरच्या बारीक भोकात कागदाची क्लिप सरळ करून हळू दाबा, ट्रे बाहेर येईल; आतला रबरी पट्टा गुळगुळीत झालेला असतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की पुन्हा पकडतो, आणि सैलच पडला असेल तर तेवढ्याच घेराचा पट्टा टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्याकडे मिळू शकतो.